ब्रेकचा शू, लायनर आणि जोडा : मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रश्न

वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी मी दादरच्या आमच्या इमारतीच्या आवारात अजून चालती ठेवली आहे. तिच्या मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकचे शू बदलण्याचे काम हाती घेतले आणि पुढे कोणाला उपयोग व्हावा म्हणून त्याची मराठीत टिपणे लिहू लागलो, तर पहिल्याच ओळीत अडलो. एका स्नेह्यांनी ‘शू’साठी ‘पादुका’ सुचवले, दुसऱ्यांनी ‘अस्तर’ म्हणा असे सांगितले, आणि गॅरेजमध्ये तर सगळे सरसकट ‘लायनर’ म्हणतात. हे तिन्ही शब्द एकाच वस्तूचे आहेत का? नसतील तर टिपणात कोणता शब्द कुठे वापरावा?

प्रतिसाद 1

ते एकाच वस्तूचे शब्द नाहीत, आणि हा घोळ मला फार महागात पडलेला असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. शू म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचा लोखंडी भाग. असे दोन शू ड्रमच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ डब्याच्या, आत समोरासमोर बसतात, पेडल दाबले की व्हील सिलिंडर (द्रवाच्या दाबावर चालणारे छोटे नळकांडे) त्यांना बाहेर ढकलतो आणि पेडल सोडले की स्प्रिंगा त्यांना पुन्हा आत ओढून घेतात. लायनर म्हणजे त्या लोखंडावर बाहेरच्या अंगाने चढवलेला, घासून झिजण्यासाठीच असलेला पट्टा. तो एकतर चिकटवलेला असतो किंवा तांब्यापितळेच्या रिव्हेटांनी ठोकलेला असतो. रिव्हेटांची डोकी पट्ट्यात खोल बसवलेली असतात. त्यावरून बोट फिरवून पाहा: नव्या पट्ट्यावर बोटाला प्रत्येक ठिकाणी खळगा लागतो, झिजलेल्या पट्ट्यावर तोच खळगा जवळजवळ सपाट झालेला असतो, आणि एकदा का ते डोके ड्रमला टेकू लागले की ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर गोल चरे पडतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या फियाटसाठी मी एका गॅरेजमध्ये ‘मागचे शू बदला’ एवढेच सांगून आलो. मला अभिप्रेत होते ते जुन्या शूवर नवे लायनर मारून घेणे. कारागिराने माझा शब्द अक्षरशः पाळला, बाजारात मिळालेले नवे शू बसवले आणि गाडीसोबत आलेले मूळ लोखंडी शू भंगारात दिले. नव्या शूंची टोके किंचित वेगळी होती आणि ड्रम फिरताना एका जागी अडकत असे. मूळ शू शोधत मी कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर कित्येक शनिवार घालवले. ज्या कुर्ल्यात ही गाडी तयार होत असे, तिथेच तिचे दोन लोखंडी तुकडे मिळू नयेत, याचे मला अजून वाईट वाटते. म्हणून टिपणात ‘शू बदलणे’ आणि ‘लायनर बदलणे’ ही दोन वेगळी कामे म्हणून लिहा. जुन्या गाडीच्या बाबतीत, शू वाकलेला किंवा तडकलेला नसेल, तर नुसते लायनर बदलणेच बहुधा योग्य असते.

आता ‘अस्तर’. कोटाचे अस्तर आतून असते, ते दिसत नाही आणि कापडाला झिजण्यापासून वाचवते. ब्रेकचा पट्टा शूच्या बाहेरच्या अंगाला असतो, त्यामुळे ‘अस्तर’ म्हटले की वाचणाऱ्याचे मन उलट्या बाजूला जाते. खरे साम्य चपलेच्या तळाशी आहे. चांभार वरचा भाग तसाच ठेवून खालचा झिजलेला तळ काढतो आणि नवा खिळे मारून बसवतो, अगदी तसेच इथे घडते. तरीही मी ‘तळ’ लिहा असे म्हणणार नाही, कारण दुकानात हा शब्द कोणालाच कळणार नाही. ‘लायनर’ हा शब्द मराठी कारागिरांच्या तोंडी पूर्ण रुळला आहे आणि नेमकाही आहे. ‘पादुका’ मात्र सोडून द्यावा. पादुका आपण देव्हाऱ्यात ठेवतो आणि त्यांच्यावर डोके टेकवतो. गंजलेल्या लोखंडी कोरीला तो शब्द शोभत नाही.

प्रतिसाद 2

वरचा प्रतिसाद पटला, परंतु एक शब्द राहून गेला असे वाटते. आमच्या घरी काळीपिवळी पद्मिनी होती, त्यामुळे ब्रेकची भाषा मी वडिलांच्या तोंडून ऐकत मोठा झालो. ते सुट्या भागांच्या दुकानात कधीही ‘दोन शू’ मागत नसत, ‘जोड द्या’ म्हणत, आणि मागच्या चाकांसाठी दोन्हीकडचे दोन जोड एकदमच घेत. मराठीत ‘जोडा’ म्हणजे पायातले पादत्राणही आणि दोघांची जोडीही. लक्ष्मीनारायणाचा जोडा आणि पायातला जोडा हा शब्द एकच आहे. कामाचा नियम या शब्दात आपोआप येतो, कारण एकाच चाकाचे लायनर नवे केले तर दोन चाकांवरचा जोर सारखा राहत नाही आणि ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. म्हणून एका नगासाठी ‘शू’ आणि मागवण्याच्या एककासाठी ‘जोड’ असे ठेवले तर टिपण वाचणारा कधी चुकणार नाही.

‘बसणे’ हे क्रियापदही नीट सांभाळावे लागेल. ‘शू बसवले’ म्हणजे जागेवर लावले, पण ‘लायनर बसले’ म्हणजे चार दिवस गाडी चालवल्यावर पट्टा ड्रमच्या गोलाईशी पूर्ण जुळला. पहिल्या क्रियेनंतर लगेच दुसरी झाली असे समजून घाटात गाडी नेणे धोक्याचे आहे, म्हणून दुसऱ्या अर्थी ‘लायनर ड्रमला बसले’ असे पूर्ण लिहावे.

‘ब्रेक ऑइल’ या शब्दाबद्दलही सावध करतो. सगळे तसेच म्हणतात, मीही म्हणतो, पण आपल्या गाड्यांत आज वापरतो ते द्रव्य तेल नसते. केवळ नावावरून कोणी इंजिनाचे तेल ओतले, तर व्हील सिलिंडरमधले रबरी कप फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. टिपणात ‘ब्रेक फ्लुइड’ लिहून कंसात ‘बोलीत ब्रेक ऑइल’ असे द्यावे.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. ‘जोड’ या शब्दाने माझा मोठा प्रश्न सुटला. ‘ब्रेक’साठी ‘गतिरोधक’ वापरावा का हेही विचारणार होतो, परंतु तो शब्द आता रस्त्यावरच्या उंचवट्याचा झाला आहे आणि ‘पुढे गतिरोधक आहे’ ही पाटी वाचून कोणी चाकाच्या आत पाहत नाही, म्हणून ‘ब्रेक’च ठेवला.

लिहिताना आणखी एक शब्द बदलला. ड्रम उघडल्यावर आत जी काळी पूड साचलेली असते तिला मी आधी ‘धूळ’ लिहिले होते. धूळ म्हटले की आपला हात आपोआप झटकायला किंवा फुंकायला जातो, आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस (श्वासावाटे फुफ्फुसांना घातक ठरणारे तंतुमय खनिज) असू शकत असल्याने तेच नेमके करायचे नसते. म्हणून ‘झिजलेल्या लायनरची पूड’ असे लिहून ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी असे सांगितले आहे.

टिपणाचा आरंभ आता असा आहे: ‘पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी लावाव्यात, हँडब्रेक पूर्ण सोडावा आणि मागची बाजू उचलून भक्कम घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) टेकवावी. झिजलेल्या ड्रमला आतून कड आलेली असते, म्हणून तो निघत नसेल तर ठोकत बसू नये, ॲडजस्टर (शू आणि ड्रम यांतले अंतर कमीजास्त करणारा भाग) मागे घ्यावा. एका चाकाचे काम पूर्ण होईपर्यंत दुसरे चाक उघडू नये, म्हणजे कोणती स्प्रिंग कुठे होती हे पाहण्यासाठी एक जोड जसाच्या तसा समोर राहतो.’