पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) शिकतोय, व्हिडिओ बघून सगळं कळतं पण लिहायला बसलो की गाडी अडते. काय वापरू?

अर्धवट_कोडर: दोन महिने झाले. काल दोन आकड्यांची बेरीज करायचा प्रोग्राम लिहिला, ५ आणि ३ दिले तर उत्तर ५३!! का ते शोधण्यात तास गेला. आता कोड लिहायला कोणी म्हणतं व्हीएस कोड घे, कोणी पायचार्म, कोणी ज्युपिटर. बुकमार्क ढीगभर झालेत, उघडत एकही नाही. नक्की काय धरू?

कंसातला_माणूस: ५३ सगळ्यांचं येतं रे 😄 इनपुट फंक्शन कायम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर देतं, म्हणून बेरीज न होता दोन्ही एकमेकांना चिकटले, आधी इंट मध्ये घाल, म्हणजे आकडा होईल. व्हीएस कोड, पायचार्म चांगलेच आहेत पण आत्ता नको, सेटिंग्जमध्येच आठवडा जाईल. थॉनी घे, नवशिक्यांसाठीचा कोड एडिटर, फुकट आहे, त्याच्यासोबतच पायथन येतं. त्यात डीबग (चूक शोधायची सोय) दाबून एकेक स्टेप पुढे जा, शेजारी व्हेरिएबलची (कुठल्या नावात काय साठवलंय ते दाखवणारी) खिडकी उघडी ठेव, तिथे ५ भोवती अवतरण चिन्हं दिसली असती आणि तुझा तास वाचला असता.

रात्रपाळी: थॉनीला +१. काही इन्स्टॉलच करायचं नसेल तर पायथन ट्यूटर नावाची साइट आहे, कोड टाकला की मेमरीत काय चाललंय त्याचं चित्र काढून दाखवते. तिथे एक करून बघ, ए नावाची लिस्ट (यादी) कर, मग बी = ए लिही आणि बी मध्ये काहीतरी अपेंड कर, म्हणजे शेवटी जोड. ए पण बदलते! मला वाटायचं कॉपी होते, चित्रात दोन्ही बाण एकाच डब्याकडे गेलेले बघितले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. व्हिडिओ हवेच असतील तर हार्वर्डचा सीएस५०पी हा पायथनचा कोर्स कर, फुकट आहे, पण खरा माल त्याच्या प्रॉब्लेम सेटमध्ये (सरावाच्या प्रश्नांत) आहे, नुसती लेक्चरं बघितलीस तर परत इथेच येशील. पायथनचं अधिकृत ट्यूटोरियल आत्ता जड जाईल, नंतर वाच. आणि प्रिंटला कंस नसलेला कोड दिसला की ते पान बंद कर, तो जुना पायथन २ आहे, त्याचा सपोर्ट २०२० च्या सुरुवातीलाच संपला.

अर्धवट_कोडर: थॉनी टाकलं, भारी आहे! पण आता रँडम मॉड्यूल (पायथनसोबतचा तयार कोड) इम्पोर्ट केलं तर त्यातलं रँडइंट (कुठलाही एक आकडा देणारं फंक्शन) सापडत नाही म्हणतंय, लांबलचक लाल एरर, काही कळेना.

कंसातला_माणूस: एरर खालून वर वाचायची, शेवटच्या ओळीत रोग, त्याच्या वर कुठे झाला ते. आणि तुझ्या फाइलचं नाव रँडम डॉट पीवाय तर नाही ना?

अर्धवट_कोडर: 🤦 तेच आहे

कंसातला_माणूस: मग पायथन स्वतःच्या रँडमऐवजी तुझीच फाइल इम्पोर्ट करतंय. नाव बदल, चालेल.