गुजराती टाइप करायचंय? मग इनस्क्रिप्टच शिका, बाकी सगळी हमाली

बडोदेकर:
मुंबईत काय आणि इकडे बडोद्यात काय, नोकरी-धंद्यापायी मराठी माणसाला गुजराती टाइप करावंच लागतं. माझं म्हणणं असं की मराठी इनस्क्रिप्ट कळफलक येत असेल तर गुजराती वेगळं शिकायचंच नाही. १९८६ साली सरकारने हा कळफलक ठरवला तोच मुळी सगळ्या भारतीय लिप्यांना सामाईक म्हणून. ‘के’ दाबा, मराठीत देवनागरी क उमटेल, गुजरातीत गुजराती क. ‘डी’वर हलन्त. शिफ्ट धरून ‘एन’ दाबलं की ळ, दोन्हीकडे. युनिकोडमधली, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकातली, मांडणीही समांतर: देवनागरी अक्षराच्या क्रमांकात ३८४ मिळवा, सहसा तेच गुजराती अक्षर येतं. (आपला ॲ अपवाद. तिकडे ती जागा रिकामी आहे, ऍ वापरावा लागतो.)

इतकी सोय असताना लोक अजून टेराफॉन्ट, गोपिका, एलएमजी अरुण असे युनिकोड नसलेले जुने फॉन्ट कशाला धरून बसलेत? त्यातला मजकूर शोधता येत नाही, व्हॉट्सॲपवर डकवता येत नाही. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी.

मुलुंडचा डीटीपीवाला:
तुम्ही पत्रं टाइप करत असाल, बडोदेकर. आम्ही कंकोत्र्या, म्हणजे गुजराती लग्नपत्रिका, आणि हँडबिलं करतो. आमच्या ऑपरेटरचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या कळफलकावर बसलाय. मान वर न करता पान उतरवतो. नवा कळफलक शिकेपर्यंत त्याला पगार कोण देणार, तुम्ही? आणि पानं लावायच्या आमच्या जुन्या पेजमेकर सॉफ्टवेअरला युनिकोडची जोडाक्षरं कळतच नाहीत. कोरलच्या जुन्या आवृत्तीचीही तीच गत. श्रुती लावून कंकोत्री छापली तर मुलीचा बाप गठ्ठा परत आणून टाकेल. विंडोज एक्सपीबरोबर आलेला ऑफिसचा फॉन्ट तो, लग्नाचं आमंत्रण वाटायच्या ऐवजी नोटीस वाटते.

लिपीवेडी:
डीटीपीदादा, फॉन्टची सबब आता चालत नाही हो. मुक्ता वाणी, बलू भाई, हिंद वडोदरा, रसा, सगळे युनिकोड आणि सगळे फुकट. मुक्ता वाणी आणि बलू भाई तर मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे. पत्रिकेत एका बाजूला मराठी आणि एका बाजूला गुजराती असेल तर मुक्ता आणि मुक्ता वाणी एका वळणाचे दिसतात. मुलगी कुलकर्ण्यांची, मुलगा शहांचा, अशा पत्रिका तुमच्याकडे येतच असतील. मथळ्याला श्रीखंड लावून बघा, दुकानाच्या रंगवलेल्या पाटीसारखा जाडजूड, तिरका.

पानं इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये लावत असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायचा विसरू नका. लोक तेवढं करत नाहीत, जोडाक्षरं फुटतात आणि शिव्या बिचाऱ्या फॉन्टला.

आळशी बोटं:
कसलं रेमिंग्टन आणि कसलं इनस्क्रिप्ट! इंग्रजी अक्षरांत ‘केम छो’ लिहायचं, गुजराती उमटतं. २०१९ पासून विंडोज १० मध्ये गुजराती फोनेटिक आयतं आहे.

बडोदेकर:
उमटतं, पण काय उमटतं? तुमचं ते फोनेटिक अंदाज बांधतं. दिन हवा की दीन, ण हवा की न, प्रत्येक शब्दाला सुचवलेल्या शब्दांच्या यादीत डोकं घाला. आडनावांची शंभर माणसांची यादी टाइप करून दाखवा, मग बोलू.

आळशी बोटं:
अंदाजवालं नको तर ‘प्रमुख आयएमई’ नावाचं टायपिंगचं साधन घ्या. त्यात नियम ठरलेले आहेत, मोठा एन म्हणजे ण, छोटा म्हणजे न. यादीबिदी काही नाही. सगळ्या फोनेटिकला एकाच काठीने कशाला हाकता?

मुलुंडचा डीटीपीवाला:
तुमचं चालू द्या. माझ्याकडे जुन्या फॉन्टमधल्या जाहिरातींनी डिस्का भरल्यात, गिऱ्हाईक दर दिवाळीला ‘गेल्या वर्षीचीच काढा’ म्हणतं. त्यांचं काय करू?

लिपीवेडी:
कन्व्हर्टर आहेत की.

मुलुंडचा डीटीपीवाला:
वापरलेत ताई, म्हणूनच बोलतोय. टाइपरायटरच्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी आणि अक्षर मागून, युनिकोडला अक्षर आधी लागतं. रफार तर नेमका उलटा: आम्ही अक्षरानंतर देतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त अक्षराच्या आधी. कन्व्हर्टर नेमका तिथे घसरतो. मजकुरात इंग्रजी नाव किंवा ईमेल असला तर त्याचंही गुजराती करून टाकतो, कारण जुन्या फॉन्टमध्ये गुजराती अक्षरं इंग्रजीच्याच जागांवर बसवलेली. म्हणजे पुन्हा प्रूफ वाचणं आलं. गुजराती प्रूफ वाचणारा आज किती घेतो, विचारून या.

बडोदेकर:
जुनं राहू द्या तसंच, कोण हात लावायला सांगतंय? नव्या कामापुरतं म्हणतोय मी. रेमिंग्टनचाच कळफलक ठेवून युनिकोड उमटवणारी साधनंही मिळतात, ऑपरेटरचा हात मोडायला नको. मात्र नवा पोरगा ठेवाल त्याला पहिल्या दिवसापासून इनस्क्रिप्टवर बसवा. मराठीचं कामही त्याच हाताने होईल.

मुलुंडचा डीटीपीवाला:
नवा पोरगा मिळाला तर ना! हल्ली येतात ते थेट फोटोशॉप शिकून. टायपिंग म्हटलं की फोनवर बोलून लिहायला लागतात.

आळशी बोटं:
आणि तो पोरगा माझ्या बाजूचा.