मदत हवी आहे: जुन्या गाण्यांतून उगवलेली गाणी सुचवा

मंडळी, पुढच्या आठवड्यात मित्रांबरोबर दोन तासांची श्रवणबैठक ठरली आहे. आधी मूळ रचना, लगेच तिच्यावरून सुचलेलं गाणं. यादी अर्ध्यावर अडकलीय.

सुरुवात पक्की आहे: मोत्झार्टची ४० क्रमांकाची सिंफनी (१७८८) आणि 'छाया'मधलं (१९६१) सलिल चौधरींचं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा'. दोन्हीकडे तीच हुंदक्यासारखी छोटी सुरावट पुन्हा पुन्हा येते आणि मग चाल एकदम वर उडी घेते. पुढे मात्र सलिलदा आपल्याच वाटेनं जातात. याला चोरी म्हणणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही.

दुसरी जोडी 'हर्ट'ची. नाइन इंच नेल्स या रॉक बँडचं १९९४चं, गायक जॉनी कॅशचं २००२चं. कॅशनं एका ओळीतली शिवी काढून तिथे काट्यांचा मुकुट आणला, आणि तेच गाणं म्हाताऱ्या माणसाचा हिशेब वाटायला लागलं.

इथे गाडी अडते. नुसता ठेका वाढवलेले रिमिक्स नकोत, ते न मागताच कानावर पडतात. दुसऱ्यानं स्वतःचं काही घातलंय अशा चार-पाच जोड्या सांगा, मराठी असतील तर फारच छान.

आणखी एक शंका. द व्हर्व्ह या बँडच्या 'बिटर स्वीट सिंफनी'च्या (१९९७) आधी काय लावू? रोलिंग स्टोन्सचं 'द लास्ट टाइम', की त्याची अँड्र्यू ओल्डहॅम ऑर्केस्ट्रानं केलेली आवृत्ती? 'बिटर स्वीट'मधला तुकडा तर या आवृत्तीतूनच उचललाय.