अजब बंगल्यात शिल्पांवर ध्वनिप्रयोग: पिएझोतून खर्ज येत नाही

सिव्हिल लाइन्सवाला:
नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या (म्हणजे अजब बंगल्याच्या) शिल्पदालनात 20 मिनिटांचा ध्वनिप्रयोग बसवतोय. शिल्पाच्या फोटोवरून आलेख काढून त्याचीच स्वरलिपी करायचा विचार आहे. मूळ शिल्पाला हात लावायचा नाही, म्हणून चितार ओळीतल्या मूर्तिकाराकडून दोन फुटी प्रतिकृती करून घेतली. मातीची, भरीव. त्यावर 27 मिमीचा पिएझो (कंपाचा वीजसंकेत करणारी चकती) चिकटवून मिक्सरच्या लाइन इनपुटला दिला. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा, खर्ज गायब. टिचकी मारली तर नुसतं भद्द. काय चुकतंय?

सोल्डरभाऊ:
भाऊ, दोन वेगळे घोळ आहेत. खर्जाचा घोळ इनपुटचा. एवढ्या चकतीची धारिता (कपॅसिटन्स) साधारण 20 नॅनोफॅरड असते. समोर 10 किलोओहम रोधाचं लाइन इनपुट आलं की 800 हर्ट्झच्या खालचं सगळं गळायला लागतं. 1 मेगाओहम दिलं तर हीच सीमा 8 हर्ट्झवर जाते. गिटारसाठीचा हाय-इंपीडन्स (जास्त रोधाचा) इनपुट असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्या मधला डबा, चालेल, नाहीतर टीएल072 ही आयसी आणि 9 व्होल्टची बॅटरी वापरून बफर (मिक्सरचा भार पिएझोवर येऊ न देणारं सर्किट) बनवा. सामान सीताबर्डीत मिळतं. पिएझो ते बफर शिल्डेड वायर, मीटरभराच्या आत. शिल्ड पितळी कडेला जोडा, आतली तार पांढऱ्या भागाला. तिथे सोल्डरिंगची इस्त्री सेकंदभरच टेकवायची, जास्त वेळ ठेवली की चांदीचा थर उखडतो आणि चकती गेली. चकती चिकटवायला फोमची टेप नको, वरचे स्वर खाते.

पोकळमूर्ती:
आणि भद्दचं कारण माती. न भाजलेली भरीव माती कंप गिळून टाकते, तिथे बफर काय करणार? त्याच कारागिराकडून साच्यातून प्लास्टरचं कवच काढून घ्या: पोकळ, 6 ते 8 मिमी जाड, आत तागाचे तंतू. पावसाळ्यात वाळायला आठवडा सहज जातो. ओलं असेपर्यंत ते मातीइतकंच मुकं.

मग पाठीच्या सपाट जागी 4 ओहमचा एक्सायटर (ज्यावर लावला त्यालाच कंपवणारा, कोन नसलेला स्पीकर) लावा आणि पिएझो वीतभर लांब. पिएझोचा आवाज एक्सायटरला देऊन गेन (आवाजाची वाढ) हळूहळू चढवला की मूर्ती स्वतःच गुणगुणू लागते. एक्सायटर खांद्यावरून कमरेला नेला की स्वर बदलतो. खरं तर तुमची स्वरलिपी हीच, शिल्पाच्या फोटोवरून वेगळे आलेख काढत बसू नका. मध्ये लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा) हवाच. नाहीतर फीडबॅक एकदम उसळतो आणि एक्सायटरची कॉइल जळते.

सिव्हिल लाइन्सवाला:
1 मेगाओहमने खर्ज आला, धन्यवाद! पण हॉलमधले स्पीकर वेगळंच किंचाळतात. जानेवारीत नॉच (किंचाळणारा तेवढाच स्वर कापणारे फिल्टर) लावून ठेवले होते, आता एप्रिलमध्ये लागूच पडत नाहीत.

सोल्डरभाऊ:
नागपूरचा उन्हाळा, दुसरं काय! 20 अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर, 40 ला 355. खोलीचे अनुनाद साडेतीन टक्के वर सरकतात. सा ते कोमल रे या अंतराच्या निम्म्याहून जास्त. नॉच अरुंद असेल तर नेम चुकणारच. ज्या वेळी प्रयोग, त्याच वेळी, कूलर जसे चालू असतील तसेच ठेवून पुन्हा लावा. लोक बसले की वरचे स्वर शोषले जातात, तिथे थोडी ढील ठेवा.

सबवूफर आणूच नका. स्पीकर शिल्पांच्या चौथऱ्यापासून लांब, खाली रबराचे पॅड. जुन्या सांधलेल्या दगडाला खर्जाचा सततचा कंप सोसत नाही, आणि परवानगीच्या अर्जात नेमकं हेच लिहून द्या.