कारखान्यांना माल विकताना नक्की कोणाला पटवायचं असतं?

प्रश्न
आम्ही पंपांसाठी मेकॅनिकल सील बनवतो, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्यापाशी (शाफ्ट) आतला द्रव बाहेर गळू नये म्हणून बसवतात तो भाग. दहा माणसांचं वर्कशॉप आहे. जुने ग्राहक टिकून आहेत, पण दीड वर्षात नवा ग्राहक एकच मिळाला. वेबसाइट केली, ब्रोशर छापलं, दोन प्रदर्शनांत स्टॉल लावला. कोटेशन मागवतात, पुढे काहीच नाही. फोन केला की परचेसवाले म्हणतात, "बघतो, कळवतो." दर तर आमचाच कमी असतो. मग अडतंय कुठे?

उत्तर १
दर आणखी उतरवू नका. तुमचं कोटेशन दाखवून चालू सप्लायरला खाली आणतात, एवढाच त्याचा उपयोग होत असणार.

उत्तर २
मी सतरा वर्षं एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्स बघत होतो. सील गळला की पंप बंद, पंप बंद की लाइन बंद. रात्री दोनला फोन मला यायचा, परचेसला नाही. नवा सप्लायर घेतल्यावर वाचलेले पैसे परचेसच्या खात्यात दिसायचे आणि गळती माझ्या नावावर लागायची. म्हणून मी इंडेंटमध्ये, म्हणजे परचेसला पाठवायच्या मागणीपत्रात, जुनाच ब्रँड लिहायचो. तुमचा दर माझ्यापर्यंत पोचायचाच नाही.

वेबस्टर आणि विंड या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की कंपनीतली खरेदी एकटा माणूस करत नाही. वापरणारा, मत देणारा, व्यवहार करणारा, निर्णय घेणारा आणि बाहेरची माहिती आत सोडणारा किंवा अडवणारा, अशा भूमिका त्यात असतात. तुमचं ब्रोशर यातल्या एकाच्याच ड्रॉवरमध्ये पडलंय.

माझं मत एकदाच बदललं. एका छोट्या सप्लायरचा माणूस आला आणि म्हणाला, "निकामी झालेले सील ठेवलेत का? बघू द्या." बादलीभर होते. तासभर एकेक उलटून बघत बसला. एका पंपाच्या सीलवर घासल्याचा पट्टा असायला हवा त्यापेक्षा रुंद होता. तो म्हणाला, "हा सीलचा दोष नाही. शाफ्ट किंवा बेअरिंग बघा, अलाइनमेंट तपासा, म्हणजे पंप आणि मोटर एका रेषेत आहेत का ते. नाहीतर आमचा सीलही असाच जाईल." दुसऱ्या दिवशी त्याने फोटोंसकट एक पान लिहून पाठवलं. ते पान घेऊन मी साहेबांकडे गेलो, कारण आता माझ्याकडे दाखवायला काहीतरी होतं. स्टँडबाय असलेल्या पंपावर ट्रायल घेतली, सहा महिने चालली. त्यानंतरच्या इंडेंटवर त्याचं नाव मी लिहिलं.

उत्तर ३
वरचं अगदी बरोबर. खरेदीतली भीती विकणाऱ्याने उचलली तर फरक पडतोच. ब्रिस्टल सिडली कंपनीने १९६२ मध्ये वायपर विमान इंजिनासाठी उड्डाणाच्या तासांवर ठरलेला दर लावला आणि इंजिन व सुटे भाग बदलून द्यायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. तुम्हाला एवढं झेपणार नाही, पण ट्रायलचा पहिला सील ठरावीक मुदतीत गळला तर फुकट बदलून देऊ, हे लेखी देता येईल. फक्त अलाइनमेंट तुम्ही स्वतः तपासल्यावरच द्या.

प्रश्नकर्ता
आत्ताच जुनी फाइल काढली. अकरा कोटेशनं गेली होती, त्यांतल्या आठ ठिकाणी मेंटेनन्समधल्या माणसाचं नावही आमच्याकडे नाही. निकामी सील बघायला थेट त्यांनाच फोन करू का?

उत्तर २
आधी परचेसला कळवा. त्यांना डावललंत तर व्हेंडर लिस्टमध्ये नाव चढणार नाही. म्हणा, ऑर्डर मागायला येत नाही, गळतीचं कारण बघायचंय, कोणाशी बोलू? नंबर तेच देतील. आणि जाताना भिंग न्या.