एकट्याच्या घरातला दिवस: खान्देशातले अनुभव

आपल्याकडे कुणी एकटं राहतं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "मग जेवणाचं काय?" आणि दुसरा, "रात्री-बेरात्री काही झालं तर?" प्रश्न खरेच आहेत. पण त्यांची उत्तरं बहुतेक वेळा तेच लोक देतात ज्यांचं घर भरलेलं आहे. म्हणून हा चर्चेचा धागा. मुलं पुण्याला, सुरतेला, परदेशात. कुणाचा जोडीदार गेला. कुणी नोकरीपायी, कुणी स्वतःच्या मर्जीनं एकटं राहतं. काय शिजवता, हाताला काय काम असतं, तब्येतीचं कसं बघता, माणसं कशी धरून ठेवता, ते लिहा. सल्ले कमी, तुमच्या घरात काय चालतं ते जास्त.

सुरुवात मीच करते. जळगावात राहते, नोकरीतून निवृत्त. सकाळ कधी जड जात नाही. नळ, पूजा, भाजीवाला, यात दहा वाजतात. संध्याकाळी ओट्यावर माणसं असतात. रिकामी असते ती दुपार, दोन ते चार. उन्हाळ्यात तर गल्लीत कुत्रंही फिरकत नाही. म्हणून अवघड नक्षी मी दुपारी विणते आणि सोपी सुलट-उलट वीण रात्री टीव्हीसमोर. पानांची जाळी असेल तर प्रत्येक ओळ मोजावी लागते, आणि मोजताना मन भलतीकडे जात नाही. पारा ४४-४५ ला गेला की लोकर हातात धरवत नाही, घामानं टाका सुईवरून सरकत नाही. तेव्हा होळीनंतर लोकर पेटीत आणि क्रोशाची सुई बाहेर. सुती दोऱ्याचे रुमाल, ताटावरची झाकणं, बाजाराच्या जाळीदार पिशव्या. दिवाळी झाली की पुन्हा सुया. वर्षाचे असे दोन भाग पडल्यामुळे पुढच्या मोसमाची वाट बघायला काहीतरी असतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

शहादा, महाविद्यालयात शिकवते

ताई, धाग्याबद्दल आभार. मी पस्तिशीची, अविवाहित. एकटी बाई म्हटल्यावर खोली मिळायलाच वेळ लागला. ते जाऊ द्या, जेवणाचं सांगते.

एकटीसाठी शिजवणं म्हणजे प्रमाणं नव्यानं शिकणं. आमचं मूळ यावल तालुक्यातलं. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी, काट्यांच्या जाळावर एका वेळी ढीगभर वांगी, मग बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचणं, पन्नास माणसं जेवायला. इथे मी एकच मोठं वांगं आणते, हिरवट-पांढरं, बियांना कमी असलेलं. त्याला तेल लावून, चिरेत दोन लसणाच्या पाकळ्या खोचून गॅसवर भाजते. मिरच्या वांग्यासोबतच भाजून घेते, कच्च्या घातल्या तर भरीत उग्र लागतं. कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. अर्धं रात्री कळण्याच्या भाकरीबरोबर, अर्धं दुसऱ्या दिवशी डब्यात. कळण्याचं पीठ आई दळून पाठवते, ज्वारीत काळे उडीद आणि मीठ घालून. त्या भाकरीनं पोटही भरतं.

दुसरा आधार फुणक्यांचा. तूर, हरभरा, मूग डाळी भिजवून जाडसर वाटायच्या, हिरवी मिरची-लसूण घालून मुटके करून वाफवायचे. पहिल्या दिवशी कढी-फुणके. उरलेले फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीत परतले की नवीन भाजी. माझं हिमोग्लोबिन आणि बी-१२ दोन्ही कमी निघालं होतं. डॉक्टरांनी औषध दिलंच, शिवाय विचारलं, "दिवसभरात डाळ किती खाता?" बी-१२ डाळीतून मिळत नाही, त्यासाठी गोळ्या आणि दूध-दही. पण एकटं माणूस भात-लोणच्यावर दिवस काढतं हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

विणकाम आता शिकतेय, यूट्यूबवर. टाके घालता येतात, बंद करताना कड आवळते.

जळगाव

शहादा ताई, बंद करताना उजव्या हातात एक-दोन नंबर जाड सुई घ्या. म्हणजे १० नंबरवर विणत असाल तर ९ किंवा ८ ची. आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. कड सैल सुटेल.

धुळे, वय ६८

मी देवपूरला राहते. मागच्या पावसाळ्यात मोरीत पाय सरकला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. पडल्यावर दुखण्याच्याही आधी एक गोष्ट डोक्यात आली, पुढच्या दाराला आतून कडी आहे. शेजारच्या वहिनींकडे माझ्या घराची किल्ली असते, पण आतून कडी घातली असेल तर त्या किल्लीचा काय उपयोग? त्या दिवशी मी सरकत दारापर्यंत पोचले. घोट्याचं किंवा खुब्याचं हाड असतं तर पोचले नसते.

आता दाराला लॅच बसवलं आहे. रात्री फक्त लॅच लावते, ते बाहेरून किल्लीनं उघडतं. वरची कडी काढूनच टाकली. एकटं राहणाऱ्या प्रत्येकानं आपल्या दाराकडे एकदा या नजरेनं बघावं, हे मी अगदी हात जोडून सांगते. मोरीत खरखरीत फरशी आणि भिंतीला स्टीलचा दांडा, तोही लगेच. मोबाईल गळ्यातल्या पिशवीत, अंघोळीला जाताना दाराच्या मुठीला. ती पिशवी माझीच विणलेली आहे.

प्लास्टर निघाल्यावर मूठ मिटत नव्हती. फिजिओथेरपीच्या बाईंनी चेंडू दाबायला दिला, गरम पाण्यात बोटं हलवायला सांगितलं. थोडी ताकद आल्यावर मी विचारलं, "सुया धरू का?" त्या म्हणाल्या, "धरा, पण दहा मिनिटं, मग थांबा." जाड सुया, जाड लोकर, फक्त सुलट टाके. पहिली पट्टी वेडीवाकडी झाली, पण करंगळीनं धागा पुन्हा धरला त्या दिवशी मी वहिनींना हाक मारून दाखवला. त्यांनी भिंतीवरूनच विचारलं, "काय व्हयनं वं माय?" आणि लगेच चहा घेऊन आल्या. या वयात बायकांची हाडं ठिसूळ होतात, मनगटाचं हाड मोडणं ही त्याची पहिली खूण असू शकते. डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला लावली आणि कॅल्शियम सुरू केलं. तुम्हीही विचारून घ्या.

नाशिकहून लिहितेय, आई अमळनेरला

मी स्वतः एकटी राहत नाही, आई राहते. चालेल ना? वय ७८. माझ्याकडे ये म्हटलं की म्हणते, "तिथं मला कोण ओळखतं?" आणि ते खरं आहे. अमळनेरला ती बाजारात निघाली की घरी परतायला तास लागतो, इतकी माणसं थांबवतात.

आमची व्यवस्था फोनवर नाही, दारावर आहे. आई उठली की दार उघडते, सडा टाकते, रांगोळी काढते. समोरच्या काकांना ठाऊक आहे, सातपर्यंत रांगोळी दिसली नाही तर हाक मारायची. फोन ती कधी उचलते, कधी कुठल्या तरी उशीखाली असतो. रांगोळी चुकत नाही. पावसात दाराच्या आत काढते, दार मात्र उघडं.

७५ च्या पुढच्यांना एसटी मोफत झाली २०२२ मध्ये, तेव्हापासून तिचं फिरणं वाढलंय. धरणगाव, चोपडा, पारोळा, नात्यातलं एकही लग्न सुटत नाही. पिशवीत सुया असतातच. बसमध्ये विणू नको, धक्का बसला तर टोचेल, हे माझं म्हणणं ती ऐकून घेते आणि विणते.

चाळीसगाव

थोडक्यात लिहितो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतर थेंबांच्या बाटल्या. एक दिवसातून सहा वेळा, दर आठवड्याला एक वेळ कमी करत जायची, दुसरी दिवसातून तीनच वेळा. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसायच्या आणि एका डोळ्यानं अक्षरं वाचता येईनात. बहिणीनं एकीला लाल लोकर बांधून दिली, दुसरीला निळी. भिंतीवर कागद, त्यावर लाल आणि निळ्या पेननं रेघा, थेंब टाकला की रेघ खोडायची. ज्यांच्या घरी बघायला कुणी नाही त्यांनी करून पाहावं. बीपी-शुगरच्या गोळ्यांनाही चालेल.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

आमची पिढी गाडीवर स्वयंपाक शिकली. लोको पायलट होतो. लाइन बॉक्समध्ये तांदूळ, डाळ, तिखट असायचं. त्यामुळे सौ. गेल्यावर शिजवायचं कसं हा प्रश्न पडला नाही. अवघड होतं ते ठरल्या वेळी जेवणं आणि ठरल्या वेळी झोपणं. रात्रपाळी, दिवसपाळी, शरीराला आयुष्यभर घड्याळच नव्हतं. सौ. होती तोवर तिचं घड्याळ माझंही होतं. ती गेल्यावर रात्री दोनला जाग यायची आणि यार्डातल्या गाड्यांचे आवाज ऐकत पडून राहायचो. बीपी वाढलं. डॉक्टरांनी गोळीपेक्षा जास्त वेळ झोपेवर घालवला. दुपारी आडवं व्हायचं तर अर्धा तास, संध्याकाळी पाचनंतर चहा नाही, पहाटे उजेडात फिरायचं. हळूहळू बसलं.

रविवारी वरण-बट्टी करतो. गव्हाचं जाडसर पीठ, थोडा मका, ओवा, हळद, तेलाचं मोहन. गोळे वाफवून घ्यायचे, गार झाले की कापून तुपात तांबूस तळायचे. वरण तुरीचं, घट्ट. बट्टी एकट्यापुरती होतच नाही. पाव किलो पीठ घेतलं तरी दोन माणसं बोलवावी लागतात, आणि मी मुद्दाम अर्धा किलो घेतो. सकाळी फिरायला असतात त्यातले तिघे येतात. दोघे माझ्यासारखेच एकटे.

सौ. विणायची. तिची लोकर पेटीभर पडून आहे. तुमचं विणकामाचं वाचून पेटी उघडली. कुणाला उपयोग होणार असेल तर सांगा, मला द्यायची आहे.

शिंदखेडा तालुका

एकटेपण मला वर्षभर जाणवत नाही, श्रावणात जाणवायचं. कानबाई ही आमच्याकडची देवी, तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, माणशी सव्वा मूठ गहू घेतात. सासूबाई होत्या तेव्हा पाटी भरायची. नंतर दोन्ही मुलं सुरतेला गेली. तिथं आपली अर्धी माणसं, पण कानबाई ज्याच्या-त्याच्या गावी. तरी मी गहू सगळ्यांच्या नावानं मोजते, नातवंडांसकट. रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, असा आमचा नियम. त्यामुळे दीर, पुतणे, चुलत जावा आठवडाभर येऊन-जाऊन जेवतात. ज्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं तेही ताटावर बसले. शुगर आहे म्हणून पुरणपोळी मी चतकोरच खाते, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि कढी पोटभर.

उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारीचा घाटा एकट्या बाईला हलवता येत नाही, रवी धरायला दुसरे हात लागतातच. म्हणून पहाटे चारला गल्लीतल्या पाच जणी माझ्या अंगणात, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या. गरम घाट्यावर कच्चं तेल घालून वाटीवाटीनं खातो, मग ओल्या कापडावर बिबडे थापतो. विकतचे मिळतात हो, पण ते आणून मी कुणाला पहाटे चारला हाक मारणार?

धडगाव, आरोग्य केंद्रात परिचारिका

कामावरून उशिरा आले, एका बैठकीत सगळं वाचलं. क्वार्टरमध्ये एकटी असते. भाजी आठवडे बाजाराला घ्यायची, शेवटचे दोन दिवस डाळीवर. इथे उन्हाळ्यात घराघरांत कैऱ्यांच्या फोडी वाळवतात. तो आमचूर डाळीत घातला की चिंच लागत नाही.

भुसावळचे काका, लोकर कुणी घेतली नसेल तर एक सांगू? सातपुड्यात थंडी कडक असते आणि आमच्याकडे कमी वजनाची बाळं येतात. बाळाच्या अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं, ऊब तिथूनच जास्त निघून जाते. आम्ही बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवतो, अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे. टोप्या नेहमी कमी पडतात. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर, कमी वजनाचं त्याहून लहान. गोंडा, बटण, रिबीन काही नको. टोपी धुऊन पुन्हा वापरता यावी.

धुळे

मी विणेन. मनगटाला व्यायाम होईल आणि टोप्या लहानच आहेत. शहादा ताई, तुम्हीही शिकून घ्या, टोपीइतकं सोपं दुसरं नाही.

जळगाव

बारीक लोकर असेल तर ११ नंबरच्या सुईवर ८४ टाके घाला. दोन सुलट, दोन उलट असं सगळंच विणा, म्हणजे टोपी ताणते आणि डोकं थोडं लहान-मोठं असलं तरी बसते. बारा सेंटीमीटर झालं की दर पाच टाक्यांनंतर दोन एकत्र, एक ओळ मध्ये सोडून पुन्हा घटवत जा. शेवटी उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून आवळा. कमी वजनाच्या बाळासाठी ७२ टाके. काका, तुम्ही भुसावळहून माझ्याकडे या, गाडीनं अर्धा तास. मी रंगांप्रमाणे वाटून धुळ्याला आणि शहाद्याला एसटीनं पोचवते.

भुसावळ

रविवार सोडून कुठल्याही दिवशी येतो. पांढरी आणि पिवळी बरीच आहे, मरून आणि बाटली-हिरवी त्याहून जास्त. बाळांना गडद रंग चालतात का? सुया १० आणि १२ च्या सापडल्या, ११ ची जोडी नाही.

धडगाव

सगळे रंग चालतात काका. फक्त लोकर मऊ हवी, गालाला लावून बघा, टोचली तर बाजूला ठेवा. आणि विणणाऱ्यांनी शिवण सपाट घ्या, ती मागच्या बाजूला येईल अशी. कपाळावर आली की कातडीवर वळ उठतो.

शहादा

११ ची जोडी माझ्याकडे जास्तीची आहे, चुकून दोनदा मागवली गेली होती. धुळ्याच्या मावशी, लोकर घ्यायला मीच तुमच्याकडे येते. टाके कसे घटवायचे ते समोर बसून दाखवा.