पहिलीच्या वर्गात आधी ध्वनी की आधी बाराखडी?

शिक्षिका, खानापूर तालुका (धागा सुरू करताना):
बेळगावातील इंग्रजी माध्यमाच्या काही बालवाड्या आता ‘येथे फोनिक्स (अक्षरांचे आवाज ओळखून ते जोडत वाचायला शिकवण्याची पद्धत) शिकवले जाते’ असे फलकावर लिहितात, आणि मराठी शाळेत नाव घालायला आलेले पालक मला विचारतात, ‘बाई, तुमच्याकडे तसे काही आहे का?’ माझे मत असे आहे की ध्वनींचे काम मराठीलाही लागते आणि सीमाभागातील मुलाला ते अधिकच लागते. आमची मुले जूनपासून ‘क का कि की’ तालात म्हणतात. मात्र फळ्यावरच्या सुट्या ‘कू’वर बोट ठेवले की त्यांना पुन्हा ‘क’पासून म्हणत यावे लागते. मूल ‘पुस्तक’ हा शब्द ‘पुसतक’ असा लिहिते, कारण ‘स’मधला ‘अ’ बाजूला केल्यावर उरणारा आवाज त्याने कानाने कधी वेगळा ओळखलेला नसतो.

कन्नडच्या तासाला हीच उणीव पुन्हा आडवी येते. मराठीत आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. शेवटचा ‘अ’ आपण गिळतो. कन्नडमध्ये तो पूर्ण उच्चारला जातो, त्यामुळे झाड या अर्थाचा ‘मर’ हा शब्द आमचे मूल ‘मर्’ असा वाचते. ‘कोडु’ हा शब्द ऱ्हस्व ओकाराने म्हटला तर ‘दे’ असा अर्थ होतो आणि दीर्घ ओकाराने म्हटला तर ‘शिंग’. ओकाराचा हा भेद मराठीत नसल्यामुळे तो ऐकण्याची सवय मुद्दाम लावावी लागते. म्हणून पहिलीचे पहिले दोन महिने पुस्तक उघडण्यापूर्वी रोज दहा मिनिटे फक्त तोंडी काम व्हावे: शब्दाचा पहिला आवाज कोणता, शेवटचा कोणता, मधला काढला तर काय उरते. बाराखडी त्यानंतर यावी.

निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी:
बाई, तुमचे निरीक्षण खरे आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. फोनिक्स ही इंग्रजीची गरज आहे. तिथे २६ अक्षरांनी सुमारे ४४ ध्वनी सांभाळायचे असतात, म्हणून इंग्लंडमध्ये २०१२ पासून सहा वर्षांच्या मुलांची ध्वनिवाचनाची स्वतंत्र चाचणी घेतली जाते. आपली वर्णमाला मुळातच उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे: ‘क’वर्ग कंठातून, ‘त’वर्ग दातांपाशी, ‘प’वर्ग ओठांवर. बाराखडी म्हणजे एका व्यंजनाला एकेक स्वर जोडून दाखवणारा ध्वनींचाच तक्ता आहे. दोष तालात घोकण्याचा आहे, तक्त्याचा नाही. सहा वर्षांचे मूल ‘कमळ’ हा शब्द क-म-ळ असा टाळ्या वाजवत सहज तोडते. त्याच्याकडून ‘क्’ आणि ‘अ’ वेगळे करून घेणे म्हणजे अक्षर हाती येण्यापूर्वीच व्याकरण शिकवणे होय. शिवाय कन्नड वर्णमालेचा क्रम हाच आहे. ज्याला मराठीचा क्रम पाठ आहे, त्याला दुसरी लिपी परकी वाटत नाही.

कन्नड विषयशिक्षक, हुक्केरी तालुका:
सर, क्रमाविषयी मला वेगळे सांगावेसे वाटते. म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ साली सुरू झालेल्या आणि पुढे राज्यभर गेलेल्या ‘नली-कली’ पद्धतीत कन्नड अक्षरे ‘क ख ग घ’ या क्रमाने येतच नाहीत. ती ‘र ग स द अ, ज व म ब न’ अशी येतात, कारण हातवळणाला सोपी आणि दिसायला जवळची अक्षरे आधी घेतली की मूल लवकर शब्द बनवू लागते. आपल्याकडेही जुन्या गुरुजींनी ‘ग म भ न’ असेच शिकवले आहे. ‘एक अक्षर, एक आवाज’ हा नियमसुद्धा मराठीत पूर्ण खरा नाही. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतले दोन ‘च’ वेगळे आहेत. तक्ता ते सांगत नाही, कानच सांगतो.

पालक, शहापूर, बेळगाव:
मी शिक्षक नाही, पण आवाजांच्या जोडीने शब्दांचाही विचार व्हावा असे मला वाटते. आपण ‘तूप’ म्हणतो, शेजारच्या कन्नड घरात ‘तुप्प’ म्हणतात. अक्का आणि अण्णा दोन्ही घरांत आहेत. माझ्या मुलीला ‘तूप’ आणि ‘तुप्प’ एकामागून एक म्हणायला लावले, तेव्हा दुसऱ्या शब्दात जीभ थांबते हे तिने स्वतःच सांगितले. जोडाक्षरे वर्षाच्या शेवटी शब्दांची यादी देऊन शिकवण्यापेक्षा मुलांच्या तोंडी रोज असलेल्या अशा शब्दांपासून का सुरू करू नयेत?

शिक्षिका, खानापूर तालुका:
ही सूचना मला मोलाची वाटते आणि त्यामुळे माझे मत एका बाबतीत बदलते. सुटे ‘क्’ पहिल्याच आठवड्यात मागणे घाईचे आहे, हे सरांचे म्हणणे मी मान्य करते. टाळ्यांनी अक्षरे तोडण्यापासूनच सुरुवात करावी. मात्र ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ यांत जीभ कुठे अडते हे मूल पहिल्या महिन्यातही सांगू शकते, आणि तिथूनच व्यंजन स्वरापासून सुटे होते. मराठीत पहिले अक्षर अर्धे होते, कन्नडमध्ये दुसरे अक्षर खाली ओत्तक्षर म्हणून लागते. लिहिण्याची रीत वेगळी असली तरी कानाला आवाज एकच आहे. हे एकदा कळलेले मूल दोन्ही लिपींत चुकण्याचा संभव कमी आहे. बाराखडी मी सोडणार नाही, पण ती उलटसुलट विचारीन.

निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी:
बाराखडी उलटसुलट विचारण्यास माझी पूर्ण संमती आहे. ‘दोन महिने पुस्तकाआधी रोज दहा मिनिटे तोंडी काम’ याला मात्र माझा विरोध कायम आहे. आपल्या खेड्यांतील अनेक शाळांत पहिली ते तिसरीची मुले एकाच खोलीत एका शिक्षकापुढे बसतात. पहिलीचे तोंडी काम चालू असताना तिसरीच्या मुलांच्या हाती काय द्यायचे, हे आधी ठरवा; मग ती दहा मिनिटे मीही मागेन.